अकरा अनाथ ओळी

१

"पुसायच्या आधी वाच," असेलेफेच मला एकदा म्हणाल्या होत्या. "किती आहेत ते बघू नकोस. नावं वाच, आणि कुणालातरी ऐकव."

मी हसले होते. तोंडावर नाही, पण त्यांना कळावं इतपत. एकतीस वर्षं त्या आमच्या आरोग्य कार्यालयात जन्मनोंदीची वही सांभाळत होत्या. वहीतलं नाव खोडायचं तर त्यांची एक रीत होती. एकीनं नाव मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं ऐकून हो म्हणायचं, मगच लाल शाईची रेघ. वहीला ते ठीक होतं. माझ्याकडे डेटाबेस होता. स्क्रीनशेजारच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला होता, त्यावर सुबक अक्षरात नेहमीच्या कामाच्या क्वेऱ्या, म्हणजे मशीनला द्यायचे हुकूम, लिहिल्या होत्या: कोणकोणती टेबलं आहेत ते दाखव, ओळी मोज, एकच नोंद दोनदा आली असेल तर शोध, रिकामे रकाने शोध, चुकीच्या नोंदी काढून टाक. मला त्या कागदाचा अभिमान होता. कॉलेजात शिकलेली, राजधानीत प्रशिक्षण घेतलेली मी. मशीनला नावं कसली वाचून दाखवायची? आणि मला कायमच घाई असे. माझी एल्दाना तेव्हा नुकती चालायला लागली होती. दुपारी सासूबाईंनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला नाही तर मी काम तसंच टाकून पुन्हा फोन लावत बसायचे.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं बराच वेळ मी शहाणी दिसेन. तसं समजू नका.

हिदार या आमच्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्याची दुसरी तारीख होती. सकाळचे दोन, म्हणजे तुमचे आठ. आमच्याकडे दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं, तुमचे सात तो आमचा एक. खिडकीशी एक मुलगी उभी होती, वर्कनेश तिचं नाव. शालीच्या आत तिनं बाळ धरलं होतं. ती भांडायला आली नव्हती. उलट आपलीच काही चूक झाली असावी अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही घरी येणार होतात. बाळाला थंडीत बाहेर काढू नकोस, आम्हीच येऊ, असं सांगितलं होतं. मी वाट बघितली."

जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांचं मशीनमध्ये वेगळं टेबल, म्हणजे तक्ता, होतं. दर सोमवारी त्यातून यादी छापली जायची आणि आरोग्यसेविका त्या यादीप्रमाणे घरोघर जायच्या. बाळाचं वजन करायचं, आईला दूध पाजायला शिकवायचं, गरज पडली तर उचलून दवाखान्यात आणायचं. मी वर्कनेशचं नाव टाकलं. मशीननं उत्तर दिलं, अशी नोंद नाही. मी बाळाचा क्रमांक टाकला. अशी नोंद नाही.

मागून असेलेफेच वही घेऊन आल्या आणि पानावर बोट ठेवलं. होती. मुलगा, वजन एकोणीसशे ग्रॅम, आईचं नाव, गल्ली, सगळं होतं.

वर्कनेशनं शाल बाजूला केली. नऊ आठवड्यांचं बाळ नऊ दिवसांचं दिसत होतं. ते रडत नव्हतं. रडत असतं तर मला बरं वाटलं असतं.

२

बाळाला वॉर्डात घेतलं. डॉक्टर बिनियम, आमचे प्रमुख, तासाभरानं माझ्या टेबलाशी आले. ते सहा वर्षं परदेशात शिकून आलेले. त्यांच्या मनगटावर परदेशी वेळ, सभेच्या पत्रांवर परदेशी वेळ. आम्ही मनातल्या मनात सहा तास मागं जायचो. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना सगळं लवकर हवं असे.

ते म्हणाले की वहीत आहे आणि मशीनमध्ये नाही, याचा अर्थ कुणीतरी पुसलं. अशी आणखी किती गेली, कुणी घालवली, ते शोधा. मशीन तुम्हालाच कळतं.

तर तपास माझ्याकडे आला. मला तेव्हा, खरं सांगते, थोडं बरंच वाटलं. मशीन कळतं असं कुणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं.

ओळी मोजल्या, त्यातून काही कळेना, कारण रोज नव्या ओळी येतात. मग मी दुसरी वाट घेतली. घरभेटींचं टेबल वेगळं आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीवर भेट कुठल्या बाळाची, तो क्रमांक असतो. बाळाची ओळ पुसली तरी भेटीची ओळ मागं राहते, कारण आमच्या हेनोकनं डेटाबेस बांधताना दोन्ही टेबलांना एकमेकांत अडकवलं नव्हतं. मी मशीनला विचारलं: ज्या भेटींचं बाळ सापडत नाही त्या भेटी दाखव.

आमच्या धंद्यात अशा ओळींना अनाथ म्हणतात. त्या दिवसापर्यंत मला त्या शब्दाचं काहीच वाटलं नव्हतं.

अकरा ओळी आल्या. अकरा बाळं. प्रत्येकाची एकेक भेट, जन्मानंतर दोन-तीन दिवसांत झालेली, आणि पुढं काहीच नाही. नऊ आठवड्यांत अकरा घरांचं दार कुणी वाजवलं नव्हतं.

इतक्या आया गप्प कशा बसल्या, असं डॉक्टर म्हणाले. ते असेलेफेचनी सांगितलं. मुलगा असेल तर चर्चमध्ये बारसं चाळिसाव्या दिवशी, मुलगी असेल तर ऐंशीव्या. तोवर बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मुलग्यांच्या आया आता कुठं बाहेर पडायला लागल्या होत्या. मुलींच्या आया अजून घरातच बसून आमची वाट बघत होत्या.

त्या अकरा ओळींत भेट कुणी दिली तो रकानाही होता. मी तो उघडला. अकराच्या अकरा ठिकाणी एकच नाव होतं: सिस्टर लाकेच.

३

लाकेच मोठ्या आवाजाची, रुंद हाडाची बाई. नव्या वर्षानंतर तिची नेमणूक लसीकरणाला, डोंगरावरच्या गावांत झाली होती. मी तिला गाठलं तेव्हा ती शीतपेटी खांद्यावरून उतरवत होती. मी बरंच गोल फिरून विचारलं. तिला ते आवडलं नाही.

"सरळ बोल ना. मी भेटी दिल्या नाहीत, नुसत्या लिहिल्या, आणि सापडू नये म्हणून बाळंच पुसून टाकली. असंच ना?"

तसं नाही, मी म्हणाले. पण तसंच होतं.

तिनं पेटीच्या खिशातून स्वतःची वही काढली, तेलाचे डाग पडलेली, आणि माझ्यासमोर आपटली. त्यात अकराही बाळं होती. कुणाचं किती वजन, कुणाला पाजताना कसा त्रास, एकीच्या डाव्या कानामागं तांबडा डाग होता तेही लिहिलेलं. न जाता कुणी कानामागचा डाग लिहीत नाही.

मग सगळी तुझ्याच वाट्याला कशी, असं मी विचारलं.

"दुसरं होतंच कोण? सगळ्या बायका नव्या वर्षाच्या तयारीला पळाल्या. कुणाला मेंढी घ्यायची होती, कुणाला केस विंचरून घ्यायचे होते. लाकेचला ना नवरा ना पोर, लाकेच फिरेल." तिनं वही परत खिशात कोंबली. "तूही होतीस ना सुट्टीवर? पोरीचा वाढदिवस म्हणून?"

होते. मला आठवलं. आमच्या अंगणात एल्दानाला मी पावसात उघडी सोडली होती. रुफाएल देवदूताच्या सणाला पडणारा पाऊस पवित्र असतो म्हणतात. ती ओंजळ धरून आभाळाकडे बघत होती आणि तिला सर्दी होईल म्हणून मी हातात टॉवेल घेऊन मोजत होते, एक ते शंभर.

लाकेचचं म्हणणं एवढंच होतं की नव्या वर्षाआधीच्या आठवड्यात ती एकटी होती, म्हणून सगळी बाळं तिची. ते मला पटलं. ती सुटली याचंच मला इतकं बरं वाटलं की तिनं काय हातात दिलं ते मी बघितलंच नाही. सगळी बाळं एका आठवड्यातली. हे मी वहीत लिहून घेतलं आणि पान उलटलं.

निघताना तिनं विचारलं, "ते पोर जगेल ना, वर्कनेशचं?"

दूध घेतंय, मी म्हणाले. थोडं थोडं.

४

हेनोक वर्षापूर्वी नोकरी सोडून राजधानीत गेला होता. डेटाबेस त्यानंच बांधलेला. फोनवर त्यानं सगळं ऐकलं आणि आधी हसला.

"लॉग बघितलास का? की नुसती लोकांची तोंडं बघत फिरतेस?"

बॅकअपमधून बाळं परत मिळतील का, असं मी विचारलं. शेवटचा बॅकअप नेहासे महिन्याअखेरचा, म्हणजे ती जन्मण्याआधीचा होता. त्यात ही बाळं असणं शक्य नव्हतं. पुसणाऱ्याचं नाव लॉगमध्ये, म्हणजे मशीन आपल्याच कामांची नोंद ठेवतं त्यात, सापडेल का? तेही नाही. आम्ही पाच जण एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरत होतो, आणि तो पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेला होता. कधी आणि किती, एवढंच लॉग सांगेल, हेनोक म्हणाला.

लॉग उघडला तेव्हा डॉक्टर माझ्या खांद्यामागं उभे होते. ओळ सापडली. मस्केरेम, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याची नववी तारीख. अकरा ओळी डिलीट. वेळ नऊ वाजून दहा मिनिटं.

"किल्लीची वही," डॉक्टर म्हणाले.

मशीनच्या खोलीला कुलूप असतं. किल्ली पहारेकरी वोल्दे काकांकडे. जो नेईल त्याची सही आणि वेळ ते स्वतः लिहून घेतात. वोल्दे काकांनी वही आणली. डॉक्टरांनी पान शोधलं, बोट खाली सरकवत नेलं आणि थांबवलं. मस्केरेम नऊ. नऊ वाजून दहा. सही असेलेफेचची.

मिनिटसुद्धा तेच.

त्यांना बोलावलं. त्या आल्या, चष्मा पुसत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, हो, नऊला गेले होते, जुन्या वह्यांचं कपाट त्या खोलीत आहे, बांधणीला द्यायच्या वह्या काढल्या. मशीनला हात लावला नाही. दुपारी गेले होते, हेही त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ते ऐकलं, पण त्यांच्या डोक्यात गोष्ट तयार झालेली होती. दोन महिन्यांपूर्वीच्या सभेत याच बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की हे मशीन एक दिवस आपल्याला तोंडघशी पाडेल. आता त्यांनीच पाडून दाखवलं. अकरा बाळांचा जीव टांगून.

"माणसं विसरतात, एतेते. मशीन खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले. एतेते म्हणजे मोठ्या बहिणीला हाक मारतात तसं. रागावतानाही त्यांनी आदर सोडला नाही. "चौकशी होईपर्यंत घरी बसा."

असेलेफेचनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा हातात होता, त्यामुळं डोळे उघडे आणि थोडे ओले दिसत होते. मी स्क्रीनकडे वळले.

त्या गेल्यावर मी किल्लीची वही परत द्यायला उचलली. आणि मग मला दिसलं. खरं सांगायचं तर डॉक्टरांचं बोट थांबलं तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. मशीनचं घड्याळ हेनोकनं परदेशी वेळेवर लावलेलं आहे. वोल्दे काकांनी आयुष्यात कधी परदेशी वेळ लिहिलेली नाही. वहीतले नऊ दहा म्हणजे भर दुपार, तुमचे तीन. मशीनचे नऊ दहा म्हणजे सकाळ, आमचे तीन. ज्या घटकेला त्या ओळी गेल्या तेव्हा असेलेफेच त्या खोलीत नव्हत्याच.

सकाळी तीनला किल्ली कुणाकडे होती ते त्याच पानावर होतं. वरून तिसरी ओळ. सही गोल, सुबक, कॉलेजातली.

माझी.

५

मी डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. ते फोनवर होते. मी परत आले. मग जेवणाची वेळ झाली. मग एल्दानाला घ्यायची वेळ झाली.

असं करत दोन दिवस गेले. आकडा लहान वाटतो. त्या दोन दिवसांत अकरा घरांकडे जाणारं कुणी नव्हतं, कारण डॉक्टरांनी वह्या चौकशीसाठी कपाटात बंद केल्या होत्या आणि लाकेच तिच्या वहीसकट डोंगरावर होती. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी स्वतःला सांगत होते की आधी नीट कळू दे, मी नक्की काय केलं. त्या सकाळी राजधानीला तिमाही माहिती पाठवायची होती. मी भिंतीवरच्या कागदावरच्या सगळ्या क्वेऱ्या एकामागून एक चालवल्या होत्या, दर तिमाहीला चालवते तशा. त्यातल्या कुठल्या क्वेरीनं ही अकरा खाल्ली? आणि हीच का?

दोन्ही रात्री मी एल्दानाच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासला. रोजच तपासते. त्या दोन रात्री ते करताना माझी मलाच शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी, हिदारच्या सातला, मी कपाट उघडलं, जन्मनोंदीची वही शालीखाली घेतली आणि असेलेफेचच्या घरी गेले. त्या कॉफी भाजत होत्या. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, कुणी पाहुणं येणार असल्यासारखं. मी दिसल्यावर त्यांनी दुसरा कप मांडला, विचारलं काही नाही.

मी अकरा क्रमांकांचा कागद पुढं केला आणि म्हणाले, मला समजत नाहीये. तुम्ही वाचाल का? मी ऐकते.

त्यांनी भांडं विस्तवावरून उतरवलं, हात पुसले, चष्मा लावला. वही मांडीवर घेतली. त्यांच्या रीतीप्रमाणं वाचायला लागल्या: आईचं नाव, मुलगा की मुलगी, वजन, जन्मतारीख.

"वर्कनेश. मुलगा. एकोणीसशे ग्रॅम. पागुमे एक."

मी कागदावर खूण केली.

"बिरहाने. मुलगी. दोन हजार शंभर. पागुमे एक."

"देस्ता. मुलगी. अठराशे पन्नास. पागुमे दोन."

चौथ्या नावाला माझा पेन थांबला.

तुम्हाला सांगायला हवं. आमच्या वर्षाला तेरा महिने. बारा महिने तीस-तीस दिवसांचे, आणि जे उरतात, पाच, कधी सहा, त्यांचा तेरावा छोटा महिना. तोच पागुमे. मग नवं वर्ष. हे इथं चार वर्षांच्या पोराला माहीत असतं. वहीत तारीख अंकांत लिहितात, दिवस आणि महिना, आणि मशीनमध्येही तशीच भरतात. राजधानीतल्या प्रशिक्षणात आम्हाला परदेशी पुस्तकातून शिकवलं होतं. त्यातली एक क्वेरी मी जशीच्या तशी उतरवून घेतली होती, आणि माझ्या कागदावर ती सगळ्यात शेवटी होती: महिन्याचा आकडा एक ते बारा यांत नसेल तर ती नोंद चुकीची, काढून टाक. वर्षभर ती क्वेरी चालवली की मशीन म्हणायचं, शून्य ओळी. मस्केरेमच्या नवव्या दिवशी म्हणालं, अकरा ओळी. मला वाटलं, सुट्टीच्या गडबडीत कुणीतरी अकरा तारखा चुकवल्या. पुसू नको, आधी दाखव, एवढा एक शब्द बदलून चालवली असती तर अकरा नावं समोर आली असती. अर्धं मिनिट लागलं असतं.

"एतेते, कळलं," मी म्हणाले. "थांबा. कळलं मला."

"पूर्ण वाचायची असतात," त्या म्हणाल्या. आणि वाचत राहिल्या. पागुमे तीन. पागुमे तीन. पागुमे चार. आवाज चढला नाही की उतरला नाही. मी प्रत्येक नावाला हो म्हणत गेले, कारण रीत तशी आहे. अकरावं झालं तेव्हा कॉफी गार झाली होती.

मग त्यांनी वही मिटली. "एल्दाना कधीची गं तुझी?"

त्यांना माहीत होतं. तिच्या जन्माची ओळ त्यांनीच लिहिली होती.

"पागुमे तीन," मी म्हणाले.

मी अकरा खुणांचा कागद घडी करून ठेवला. शेवटी मी विचारलं की पुसणारी मी आहे हे तुम्हाला कळलं होतं का.

"महिन्याचं नव्हतं कळलं. वेळेचं कळलं होतं. त्या पानावर तुझी सही मला डॉक्टरांच्या आधी दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"दुपारी गेले होते, एवढं बोलले. ते म्हणाले मशीन खोटं बोलत नाही." त्यांनी माझा गार कप उचलून निखाऱ्यावर ओतला. "मग मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, सोसिना बोलेल."

६

मी त्याच दुपारी डॉक्टरांसमोर किल्लीची वही ठेवली आणि दोन घड्याळं, तेरावा महिना, माझी क्वेरी, सगळं सांगितलं. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग वहीकडे. ओरडतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

काल, असं मी खोटं सांगू शकले असते. दिवस कमी करून. "तुमचं बोट थांबलं तेव्हा," मी म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. त्या बोटाची लाज त्यांनाही असणार, पण माझी कमी करायला ती पुरणार नव्हती.

मग सगळेच बाहेर पडलो. लाकेचला डोंगरावरून बोलावलं. ती वाटेत एकदाच बोलली माझ्याशी: "म्हणजे मी चोर, एतेते चोर, आणि तू तपासनीस. छान." तिच्या तेलकट वहीवरून आम्ही घरं शोधली. कुठं बाळ गुबगुबीत निघालं आणि आईनं उलट आम्हालाच बसवून खाऊ घातलं. देस्ताच्या मुलीला उचलून सरळ वॉर्डात न्यावं लागलं. तिची आई गाडीत मला विचारत होती, आम्ही काही चुकलो का? तुम्ही आला नाहीत म्हणून मला वाटलं, आमचं बाळ चांगलं असेल. आता मुलगी दूध घेते. वर्कनेशचा मुलगा रडायला लागला आहे, अख्खा वॉर्ड वैतागलाय.

असेलेफेच परत आल्या. माझ्याशी कामापुरतं बोलतात. भिंतीवरचा माझा कागद अजून तिथंच आहे, पण शेवटची ओळ त्यांनी लाल शाईनं खोडली, मला मोठ्यानं वाचायला लावून. आता काहीही पुसायचं असेल तर आधी यादी छापायची, एकीनं वाचायची, दुसरीनं ऐकायची. कधी कधी ऐकणारी मी असते. त्या माझ्याकडे न बघता वाचतात.

दहा बाळं सापडली.

अकरावी मुलगी. आईचं नाव एमेबेट, वय वीस. जन्म पागुमे तीन, वजन सतराशे नव्वद, अकरांत सगळ्यात कमी. पत्ता लिहिलेला: चर्चच्या मागं, निलगिरीच्या झाडांजवळ. तिथं आता दुसरे भाडेकरू आहेत. ते म्हणाले, ती महिन्यापूर्वी गेली, देसे शहराच्या बाजूला कुणी मावशी आहे म्हणे. बाळ होतं का बरोबर? होतं, शालीत होतं, आवाज नव्हता. बाळाला नाव नाही, बारशाआधी नसतंच. आमच्या टेबलात ती परत घातली आहे, क्रमांकासकट. नावाचा रकाना रिकामा. दर सोमवारी यादीत ती सगळ्यात वर छापली जाते, आणि तिच्यापुढं भेटीचा रकानाही रिकामाच.

आज हिदारची सोळावी. उद्या तिचा ऐंशीवा दिवस. उद्या कुठल्यातरी चर्चच्या अंगणात एक आई मुलीचं बारसं करायला आलेली असेल. तुम्ही देसेच्या रस्त्यावर कुठंही असाल तर कृपा करून जरा बघा. मुलगी वयाच्या मानानं फार लहान दिसेल. डाव्या कानामागं तांबडा डाग आहे. आईला घाबरवू नका, तिचं काही चुकलेलं नाही. जवळ जा, आणि एवढंच विचारा: बाळाचं वजन केलं का गं कुणी?